गावाचा डीपी तुमच्या टेबलावर येतो तेव्हा: नव्या नगरसेवकांसाठी आणि नियोजन समितीत पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्याआधी बऱ्याच गावांचा कारभार काही वर्षं प्रशासकाकडे होता. त्यामुळे आज सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळ जण अगदी नवे आहेत. पाणी, गटार, दिवाबत्ती, कचरा हे विषय नव्या माणसाला आठवडाभरात उमगतात, कारण लोक दारातच येऊन सांगतात. विकास आराखड्याचं, म्हणजे ज्याला सगळे डीपी म्हणतात त्याचं, तसं होत नाही. नकाशा भिंतभर मोठा, भाषा कलमांची, आणि काम वर्षानुवर्षं चालणारं. पण गावात पुढची वीस वर्षं कोणाच्या जमिनीचं सोनं होणार, कोणाच्या घरावरून रस्ता जाणार आणि मुलांना खेळायला मैदान उरणार की नाही, हे तोच कागद ठरवतो.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: नवे नगरसेवक, समितीत तज्ज्ञ म्हणून नेमले जाणारे डॉक्टर, वास्तुविशारद, निवृत्त अभियंते, आणि हरकत घेऊन दाराबाहेर थांबणारे नागरिक. या कामात जवळून जे पाहिलं त्यावरून एक गोष्ट मी आधीच सांगतो. डीपीच्या राजकारणात आवाज चढवणारा फार तर एक सभा जिंकतो. जमिनीवर काय आहे ते वेळेत पाहून, कारणासकट लिहून ठेवणाऱ्याचं म्हणणं मात्र मंत्रालयापर्यंत आणि गरज पडली तर न्यायालयापर्यंत टिकतं.

पहिली पायरी: आपण कोणत्या समितीत आहोत ते समजून घ्या

एकसारख्या नावाच्या तीन समित्या आहेत आणि नव्या माणसाचा गोंधळ इथूनच सुरू होतो. नगरपरिषद अधिनियम, १९६५ खाली विषय समित्या असतात, त्यांतली एक नियोजन व विकास समिती. ती वर्षभर चालणारी, नगरसेवकांची. दुसरी जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात, ती जिल्ह्याचा वार्षिक निधी वाटते, आणि तिचा आराखड्यातल्या आरक्षणांशी, म्हणजे शाळा-बागेसारख्या सार्वजनिक सोयींसाठी राखून ठेवलेल्या जमिनींशी, थेट संबंध नाही. तिसरी, जिच्याबद्दल हा लेख आहे, ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २८ खालची नियोजन समिती. प्रारूप, म्हणजे कच्च्या, आराखड्यावर आलेल्या हरकती ऐकायला ती बसते. तिच्यात स्थायी समितीतले तीन सदस्य असतात आणि शासनाच्या बाजूने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. ती दोन महिन्यांत अहवाल देते आणि तिचं काम तिथे संपतं.

बांधकाम परवानगी या समितीपुढे येत नाही आणि सर्वसाधारण सभेपुढेही येत नाही. तो अधिकार मुख्याधिकाऱ्यांचा, नगररचनेच्या तांत्रिक सल्ल्यानं वापरायचा. निवडून आल्यावर पहिल्या महिन्यात तुमच्याकडे येणाऱ्या दहा माणसांपैकी निम्मी परवानगी अडली म्हणून येतील. त्यांना लेखी अर्ज द्यायला सांगा, त्रुटीचं पत्र मागायला सांगा. मुख्याधिकाऱ्यांना फोन करून सही करायला लावू नका. ती सही उद्या चौकशीत आली तर तुमचं नाव निघेल आणि त्या माणसाची इमारतही अडचणीत येईल.

दुसरी पायरी: आजचा मंजूर आराखडा हातात घ्या

नवा आराखडा येण्याची वाट पाहू नका. मंजूर डीपीचा नकाशा, त्याबरोबरचा अहवाल, आरक्षणांची यादी आणि शासनाची मंजुरीची अधिसूचना हे चार कागद नगरपरिषदेतून मागून घ्या. नाही मिळाले तर जिल्ह्याच्या सहायक संचालक, नगररचना यांच्या कार्यालयात जा. गावातले लोक त्याला टीपी ऑफिस म्हणतात. अहवालाला कोणी हात लावत नाही, पण लोकसंख्येचा अंदाज, जमिनीची गरज आणि प्रत्येक आरक्षण का ठेवलं याचं कारण तिथेच लिहिलेलं असतं.

अधिसूचनेत ‘ईपी’ (एक्सक्लुडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) शब्द दिसला तर थांबा. शासनानं आराखडा मंजूर करताना मोठे फेरबदल सुचवले असतील, तर तेवढा भाग वगळून बाकीचा मंजूर होतो आणि वगळलेल्या भागावर वेगळी सूचना काढून पुन्हा हरकती मागवल्या जातात. त्या ईपीचं पुढे काय झालं हे अनेक गावांत कोणालाच नीट माहीत नसतं. माहीत असतं ते जमीनमालकाला.

याशिवाय एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे युडीसीपीआर. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही अपवाद सोडून जवळपास सगळ्या राज्याला ती लागू आहे. ती पूर्ण वाचायची गरज नाही. दोन गोष्टी पक्क्या डोक्यात ठेवा. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आणि इमारतीला मिळणारा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल ते, समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. रस्त्यांवरून एवढं राजकारण का होतं, ते या दुसऱ्या वाक्यात आहे. त्याकडे पुढे येतो.

तिसरी पायरी: गाडी कुठवर आली आहे ते पाहा

दर वीस वर्षांनी आराखडा सुधारायचा, हे १९६६ च्या अधिनियमाचं कलम ३८ सांगतं. त्याचा क्रम असा: कलम २३ खाली नगरपरिषद आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते. नगररचना अधिकारी नेमला जातो. कलम २५ खाली सर्वेक्षण होऊन विद्यमान भूवापर नकाशा, म्हणजे आज कोणत्या जमिनीवर काय आहे ते दाखवणारा नकाशा, तयार होतो. इराद्यापासून साधारण दोन वर्षांत कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. मग कलम २८ ची सुनावणी, समितीचा अहवाल, सभेचा निर्णय, कलम ३० खाली शासनाकडे सादर करणं आणि कलम ३१ ची मंजुरी.

या मुदती शोभेच्या नाहीत. मुदत चुकली की नगरपरिषद कर्तव्यात कसूर करणारी ठरते आणि उरलेलं काम नगररचना विभागाचे विभागीय सहसंचालक किंवा उपसंचालक पूर्ण करतात. म्हणजे गावाचा आराखडा गावाच्या सभागृहाच्या हातून जातो. हे गटबाजीमुळे घडतं. दोन गट नकाशावरून भांडत राहतात, सभा तहकूब होतात, आणि एक दिवस पत्र येतं. म्हणून मुख्याधिकाऱ्यांना पहिल्याच महिन्यात लेखी विचारा: आपण कोणत्या कलमावर आहोत आणि पुढची तारीख कोणती? उत्तर सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.

चौथी पायरी: विद्यमान भूवापर नकाशा पायी तपासा

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा टप्पा हा. आणि इथेच सभागृह सर्वांत कमी लक्ष देतं, कारण या नकाशावर अजून कोणाचं आरक्षण पडलेलं नसतं, कोणी रागावलेलं नसतं, वर्तमानपत्रात बातमी नसते. पण प्रस्तावित आराखडा याच नकाशावर उभा राहतो. यात ओढा नसेल तर पुढच्या नकाशातही ओढा नसतो, आणि त्या जागी एके दिवशी मंजूर रेखांकन येतं. यात वस्ती ‘मोकळी जमीन’ म्हणून रंगली असेल तर पुढे तिच्यावर बागेचं आरक्षण पडतं आणि चाळीस घरं रातोरात अडचणीत येतात.

सर्वेक्षण आता उपग्रह प्रतिमा आणि जीआयएसवर, म्हणजे संगणकी नकाशा प्रणालीवर, होतं. ते चांगलंच आहे. पण छताखाली काय चालतं ते आकाशातून दिसत नाही. पत्र्याच्या शेडखाली विडी कारखाना आहे, यंत्रमाग आहे की गुरांचा गोठा, हे प्रभागातल्या माणसालाच माहीत. आठवडी बाजार ज्या मैदानात भरतो, ते बाकीचे सहा दिवस रिकामं दिसतं. जत्रेची जागा, पालखीचा तळ, भटक्यांच्या पालांची जागा यांचंही तसंच. दफनभूमी अनेकदा गवताळ पडीक जमिनीसारखी दिसते. उन्हाळ्यात कोरडा असलेला नाला शेताच्या बांधासारखा दिसतो.

म्हणून आपल्या प्रभागाचा भाग नकाशा घ्या आणि पायी फिरा. बरोबर तीन माणसं असू द्या: जमिनीच्या खुणा जाणणारा एखादा जुना शेतकरी, पाणीपुरवठ्याचा वॉलमन आणि त्या भागात राहणारी एखादी आशा ताई किंवा अंगणवाडी सेविका. कोणत्या बोळात किती घरं, कुठे पावसात पाणी भरतं, कोणत्या विहिरीचं पाणी अजून वापरात आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. प्रत्येक चूक गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबरासह लिहा, फोटो जोडा, आणि नगररचना अधिकाऱ्याला पत्र देऊन पोच घ्या. गट नंबरावरून मालकी पाहायला महाभूलेखवर सातबारा मिळतो, गावठाणात मिळकत पत्रिका.

गुंठेवारीच्या वस्त्या इथे खास पाहा. गुंठा-दोन गुंठे नोटरीवर घेऊन घर बांधलेल्या कुटुंबांचं नाव सातबाऱ्यावर बहुधा नसतं. नोटीस मूळ मालकाला जाते. त्याला त्या जमिनीत काही रस उरलेला नसतो. ती माणसं हरकत घेत नाहीत, कारण त्यांच्यापर्यंत काही पोहोचलेलंच नसतं. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि त्यातली २०२१ ची सुधारणा, जिनं नियमित होऊ शकणाऱ्या बांधकामांची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली, या वस्त्यांना काही आधार देतात. पण त्या नकाशावर घरं म्हणून दिसल्या तरच.

पूररेषेबद्दल हयगय नको. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीनं चिपळूण आणि सावित्रीनं महाड कसं बुडवलं ते सगळ्यांनी पाहिलं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा पाटबंधाऱ्याकडून, म्हणजे जलसंपदा विभागाकडून, अधिकृतपणे मागवायची असते. निळ्या रेषेच्या आतला पट्टा बांधकामाला निषिद्ध, दोन्ही रेषांमधला नियंत्रित. रेषा आली की बाजारपेठेतल्या लोकांचा विरोध होतो, आणि त्यांची भीती खरी असते: आयुष्यभराची मिळकत विकता येत नाही, पुन्हा बांधता येत नाही. त्यांचं ऐका, पुनर्बांधणीचा मार्ग शोधा, मोजणीत चूक वाटत असेल तर फेरमोजणी मागा. पण पाणी जिथवर आलं होतं ती खूण नकाशातून पुसायच्या ठरावावर सही करू नका.

पाचवी पायरी: प्रस्तावित आराखड्यातलं राजकारण वाचायला शिका

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की रंग पाहण्याआधी कोपऱ्यातली खुणांची सूची पाहा. पिवळा रहिवास, निळा वाणिज्य, जांभळा उद्योग, हिरव्या छटा शेती आणि मोकळ्या जागांच्या. मग खालील क्रमानं जा.

आधी रस्ते. जुन्या मंजूर डीपीतला प्रत्येक रस्ता नव्या नकाशात आहे का, त्याची रुंदी तीच आहे का, आणि वळण कुठे बदललं? सरळ येणारा अठरा मीटरचा रस्ता एका मोठ्या गटाच्या हद्दीवर येऊन वाकला आणि शेजारच्या चार छोट्या गटांतून गेला, तर त्या वाकण्याचं कारण अहवालात असलं पाहिजे. उंचवटा, नाला, जुनं मंदिर, काहीही असेल. कारण नसेल तर विचारा. उलटंही घडतं. कोणाच्याही मागणीशिवाय एखाद्या मोकळ्या शेताला रुंद रस्ता मिळतो. वर सांगितलं तसं रस्ता रुंद झाला की एफएसआय वाढतो, म्हणजे त्या शेताची किंमत वाढते. बाह्यवळण रस्त्याची रेषा ठरण्याआधी त्या पट्ट्यातल्या जमिनी कोणी घेतल्या, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. त्याबद्दल कुजबुज करू नका. फेरफार नोंदी काढा, तारखा लावा, आणि लेखी हरकतीला जोडा.

मग हद्दवाढीचा भाग. नव्यानं आलेल्या वाड्या-गावांतला शेतकरी दोन भीतींत अडकलेला असतो. पिवळा झोन आला नाही तर जमिनीला भाव नाही, आणि आला तर त्यावर आरक्षण पडेल. सरसकट पिवळा करा, ही मागणी प्रत्येक सभेत होते आणि ती लोकप्रियही असते. पण पाइपलाइन आणि गटार न पोहोचणारा पिवळा झोन म्हणजे टँकरवर जगणाऱ्या वसाहती. नगरपरिषदेच्या पाणी योजनेची क्षमता किती, हा प्रश्न पाणीपुरवठा अभियंत्याला सभेत विचारा आणि पिवळा किती हवा ते त्यावर ठरू द्या.

आता आरक्षणं. शाळा, मैदान, बाग, दवाखाना, भाजी मंडई, अग्निशमन केंद्र, स्मशानभूमी, कत्तलखाना, कचरा डेपो, सांडपाणी प्रक्रिया केंद्र. पहिल्या सहांवर सगळे बोलतात. शेवटची चार कुठे ठेवली ते तुम्ही पाहा. ती जर पुन्हा पुन्हा दलित वस्तीशेजारी, मुस्लिम मोहल्ल्याशेजारी किंवा कातकरी, पारधी वस्तीच्या कडेला येत असतील, तर तांत्रिक भाषेत काहीही लिहिलेलं असो, ते चूक आहे आणि समितीनं ते बोलून दाखवलं पाहिजे. वाऱ्याची दिशा, नाल्याचा उतार, वस्तीपासूनचं अंतर ही कारणं खरी असतात. ती तपासता येतात. तपासा.

आरक्षण कोणावर पडलं, याची यादी मालकवार करा. एकच संध्याकाळ लागते. तीन एकरांच्या आत जमीन असलेल्यांवर किती, दहा एकरांच्या वरच्यांवर किती, सरकारी आणि नगरपरिषदेच्या जागेवर किती? मोठ्या गटाचा कोपरा घेतला तर मालकाकडे बाकीची जमीन राहते. एक एकरवाल्याची पूर्ण जमीन आरक्षणात गेली तर त्याची मुलगी शिकणार कशी, हा प्रश्न नकाशा विचारत नाही. तो माणसांनीच विचारायचा असतो. ‘आरक्षण टाकू’ ही धमकी आणि ‘आरक्षण उठवू’ हे आश्वासन छोट्या गावात कशावर चालतं, तेही ही यादी समोर ठेवली की उघडं पडतं.

आणि पैसा. संपादन झालंच तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारमूल्यावर तेवढीच दिलासा रक्कम द्यावी लागते. ‘क’ वर्ग, म्हणजे सर्वांत लहान वर्गातल्या, नगरपरिषदेचं उत्पन्न पाहता दोन-चार भूखंडांपलीकडे हे झेपत नाही. टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करण्याचा विकता येणारा हक्क, देता येतो, पण छोट्या गावात तो विकत घेणारा बिल्डर सापडणं अवघड. समावेशक आरक्षणाचा मार्ग बरा: मालकानं ठरलेल्या भागावर सुविधा बांधून नगरपरिषदेला द्यायची आणि उरलेली जागा स्वतः वापरायची. माझं मत स्पष्ट आहे. शंभर आरक्षणं टाकून नव्वद विसरून जाण्यापेक्षा वीस टाका, ती योग्य जागी टाका, आणि वीसही मिळवा. त्याचबरोबर लेआउटमधल्या दहा टक्के मोकळ्या जागा खरोखर मोकळ्या राहतील असं बघा. सभामंडप आणि समाजमंदिराची मागणी प्रत्येक निवडणुकीआधी याच जागांवर येते. ती तुमच्याच मतदारांची असते, म्हणून नाही म्हणणं जड जातं. तरी त्या गल्लीतल्या मुलांना दुसरं अंगण नाही.

सहावी पायरी: हरकत कशी लिहायची

नागरिकांसाठी थोडक्यात. कलम २६ च्या सूचनेत मुदत दिलेली असते, साधारण तीस दिवसांची. सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात येते, म्हणून या काळात वर्तमानपत्राचं जाहिरातीचं पान वाचत जा. हरकतीत गट नंबर, आरक्षणाचा किंवा रस्त्याचा क्रमांक, तुमचं म्हणणं, त्याचं कारण आणि पर्यायी जागा लिहा. सातबारा, मोजणी नकाशा, फोटो जोडा. पोच घ्या. छापील एकसारख्या पाचशे हरकती दिल्यानं संख्या दिसते, पण समिती त्या एकत्र ऐकते आणि एकच उत्तर देते. त्यापेक्षा प्रत्येक घरानं आपली दोन वाक्यं स्वतःच्या शब्दांत लिहिली तर ती वाचली जातात. ‘अन्याय झाला’ एवढंच लिहू नका. अन्याय कोणत्या मीटरवर झाला ते लिहा.

आणि एखादं आरक्षण, रस्ता किंवा बाग चांगली वाटली तर तसंही लिहा. समितीपुढे फक्त विरोध येतो. मैदान हवंय असं म्हणणाऱ्या दोनशे पालकांचा एकही कागद नसतो, आणि मग ते मैदान उठवणं सोपं होतं.

नगरसेवकांनी या तीस दिवसांत एक करावं. नकाशा फक्त कार्यालयात टांगून भागत नाही. प्रभागनिहाय मोठे छापून मंडईत, शाळेत, एसटी स्टँडवर लावा. गट नंबरांबरोबर ओळखीच्या खुणा लिहा: हनुमान मंदिर, जुनी जिनिंग, पोस्टाचा चौक. संध्याकाळी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी समजावून सांगायला माणूस बसवा, म्हणजे मजुरी बुडवून यावं लागणार नाही.

सातवी पायरी: सुनावणीत कसं बसायचं

पहिल्या बैठकीत, एकही हरकत ऐकण्याआधी, प्रत्येक सदस्यानं स्वतःच्या, कुटुंबाच्या आणि भागीदारांच्या जमिनींचे गट नंबर लिहून द्यावेत आणि ते इतिवृत्तात नोंदवावेत. छोट्या गावात प्रत्येकाची कुठे ना कुठे जमीन असतेच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्या गटाशी संबंधित हरकत आली की खोलीबाहेर जा. ही पद्धत नगरसेवकांनी सुचवली तर बाहेरचे जाणकारही पाळतात, आणि पुढे समितीच्या अहवालावर बोट ठेवायला कोणाला जागा राहत नाही.

ज्यानं हरकत दिली त्याला आपलं म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावीच लागते. तेव्हा एका दिवसात दोनशे माणसं बोलावू नका. प्रभागवार वेळ द्या, नकाशाचा तो भाग भिंतीवर लावून ठेवा, म्हणजे माणूस बोट ठेवून सांगू शकेल. वकिलाशिवाय आलेल्याला घाई करू नका. हातातला कागद थरथरत असतो, आणि पहिली दोन मिनिटं तो जमिनीचा इतिहास सांगतो: आजोबांनी घेतली, वाटणी झाली, बोअर मारली. मुद्दा बहुधा तिसऱ्या मिनिटाला येतो. त्या तिसऱ्या मिनिटापर्यंत थांबा.

सुनावणीत कोणालाही ‘करून देतो’ म्हणू नका. ‘तुमचं म्हणणं नोंदवलं आहे, जागा पाहू, कारणासह निर्णय देऊ’ एवढंच म्हणा. वादग्रस्त जागा सगळ्या समितीनं मिळून पाहावी, नगररचनाकार आणि शक्य असेल तर भूमापक बरोबर घेऊन. एकट्यानं, मालकाच्या गाडीतून जाऊ नये.

नगररचनाकाराशी वागताना त्याच्या शास्त्राचा मान ठेवा आणि त्याच्या शब्दानं दबूनही जाऊ नका. ‘नियमात बसत नाही’ असं उत्तर आलं तर कोणता नियम, हे विचारा. आणि त्याला फोनवर रेषा सरकवायला सांगू नका. काही सांगायचं असेल ते समितीत, सगळ्यांसमोर. त्या माणसाची बदली उद्या होईल. तुम्ही गावातच राहणार आहात.

आठवी पायरी: अहवाल आणि सभा

अहवालात प्रत्येक हरकतीपुढे ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘अंशतः मान्य’ एवढंच लिहिलेलं असेल तर परत पाठवा. प्रत्येकीपुढे कारण हवं. एक आरक्षण उठवायचं तर ती सुविधा त्याच भागात दुसरीकडे कुठे देणार, हेही त्याच ओळीत हवं. समितीत तुमचं मत वेगळं पडलं तर भिन्न मत लिहून जोडायला सांगा. सभेत हात वर करून विरोध केल्यापेक्षा त्या एका पानाचा उपयोग जास्त होतो, कारण शासन अंतिम मंजुरी देताना सगळे कागद वाचतं.

सभेच्या दिवशी ऐनवेळचे विषय जपून ऐका. आराखड्यातले बदल, गट नंबरांची लांब यादी, रात्री उशिरा, ‘वाचलं असं समजून’ मंजूर करायची सूचना आली तर यादी वाचून दाखवा म्हणा. बेकायदा ठरावाला जिल्हाधिकारी नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली स्थगिती देऊ शकतात. पण तिथवर जाण्याआधी सभेतच थांबवलेलं बरं.

नववी पायरी: मंजुरीनंतरची दहा वर्षं

आराखडा लागू झाल्यावर तो नगरपरिषदेवर बंधनकारक असतो. त्यानंतर बदल करायचा मार्ग १९६६ च्या अधिनियमाचं कलम ३७: सभेचा ठराव, सूचना, एक महिना हरकती, सुनावणी, आणि शासनाची मंजुरी. अट अशी की आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. बागेच्या जागी दुकानसंकुल, मैदानाच्या जागी रहिवास असे प्रस्ताव ‘किरकोळ फेरबदल’ म्हणून येतात. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्द ठरवलं. नागरिकांना अशा बाबतीत दाद मागता येते हे त्या निकालानं पक्कं केलं. असा विषय अजेंड्यावर दिसला तर त्या वस्तीतल्या लोकांना त्याच दिवशी कळवा, महिन्याची मुदत पटकन संपते.

आणि शेवटचं काम, जे मैदानं गमावलेल्या गावांत कोणीच केलेलं नसतं. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाचं खरं पाऊल पडलं नाही तर आरक्षण आपोआप संपतं. नुसता सभेचा ठराव किंवा वर पाठवलेला प्रस्ताव हे असं पाऊल नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात २००७ मध्ये सांगितलं आहे. ही सूचना साध्या टपालानं आवक-जावकच्या टेबलावर येते आणि फायलीत पडून राहते. तेव्हा एक नोंदवही करायला लावा: आरक्षण क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, आराखडा लागू झाल्याची तारीख, दहा वर्षं पुरी होण्याची तारीख, सूचना आल्याची तारीख, चोवीस महिने संपण्याची तारीख, आणि आतापर्यंत काय केलं. दर तीन महिन्यांनी ती नियोजन व विकास समितीपुढे ठेवायची. ज्या आरक्षणांची दहा वर्षं पुढच्या अर्थसंकल्पी वर्षात भरत आहेत त्यांची यादी जानेवारीतच काढा, म्हणजे फेब्रुवारीतल्या अंदाजपत्रकाच्या सभेत त्यांतल्या निदान एका मैदानासाठी रक्कम मागता येईल.